कंपू फोडण्याआधी: मैत्री, नावड आणि गटातलं सारखं वागणं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्या आठवीच्या वर्गात सहा मुलांचा एक कंपू आहे. सहाही जण गृहपाठ देत नाहीत, तासाला उशिरा येतात, बोलण्याची ढब एकसारखी, शिक्षकांना उलटून उत्तर देण्याची तऱ्हाही एकसारखी. वर्गात पाच-सहा मुलामुलींचा दुसरा एक गट आहे आणि या दोन गटांचं आपसात अजिबात पटत नाही. शिक्षककक्षात सगळे सांगतात, कंपू फोडा, पोरांना लांब लांब बसवा. दोन पालकांचं म्हणणं, आमचा मुलगा चांगला होता, संगतीनं बिघडला. आणि तुम्ही विचारताय की मुलं खरंच संगतीनं बिघडतात की बिघडलेलीच एकत्र येतात, आणि कंपू फोडून फरक पडेल का.

मी शाळांमध्ये, आणि अधूनमधून कार्यालयांमध्येही, गटांतले नातेसंबंध समजून घेण्याचं काम करते. कोण कुणाला निवडतं, कोण कुणाला टाळतं हे कागदावर मांडायचं आणि मग गटाचं वागणं त्याच्याशी ताडून बघायचं. बी.एड.ला तुम्ही समाजमिती आणि समाजालेख शिकला असाल, तेच हे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते. तुमचा सगळा भर त्या सहा जणांच्या मैत्रीवर आहे. दुसऱ्या गटाशी पटत नाही, हे मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलंय. मला वाटतं, तुमच्या वर्गात जे चाललंय त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यात आहे. गट एकसारखा वागतो तो एकमेकांवरच्या प्रेमापोटी जेवढा, तेवढाच समोरच्यांवरच्या रागापोटीही वागतो. तो राग तसाच ठेवून मैत्री तोडायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

पण आधी मैत्रीचं बघू, कारण पालक तुम्हाला तेच विचारणार आहेत.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे पालकांचं म्हणणं. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ हे नेमकं त्याच्या उलट: स्वभाव आणि अडचणी आधीच सारख्या, म्हणून मैत्री. दोन्ही जुनी वचनं, दोन्ही खरी. कुठल्या मुलाच्या बाबतीत कुठलं खरं, एवढाच प्रश्न असतो, आणि तो डोळ्यांसमोर असलेल्या कंपूकडे कितीही वेळ बघत बसलं तरी सुटत नाही. आज सहा जण सारखे दिसतात, पण ते सारखे कसे झाले हे आजच्या चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं.

हा गुंता नीट सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न १९७८ साली समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडल यांनी केला. न्यूयॉर्क राज्यातल्या माध्यमिक शाळांमधल्या मित्रांच्या जोड्या त्यांनी शालेय वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, अशा दोन वेळा तपासल्या. त्यातून तीन प्रकारच्या जोड्या हाती आल्या: वर्षभर टिकलेल्या, मध्येच तुटलेल्या आणि नव्यानं जुळलेल्या. पुढे ज्यांची मैत्री होणार होती ती मुलं मैत्रीच्या आधीच एकमेकांसारखी होती. ज्यांची मैत्री तुटणार होती ती आधीच कमी सारखी होती. आणि ज्यांची टिकली ती वर्षअखेर आणखी सारखी झाली. निवड आणि संगतीचा परिणाम, दोन्हींचा वाटा साधारण बरोबरीचा निघाला. तेव्हा तुमच्या त्या दोन पालकांना ‘तुमचं अर्धं बरोबर आहे’ असं सांगायला हरकत नाही.

यातल्या तुटलेल्या जोड्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. कंपू सारखा दिसतो याचं एक कारण हेही असतं की जे वेगळे होते ते बाहेर पडले. तुमच्या सहा जणांत वर्षाच्या सुरुवातीला कुणी सातवा होता का? असेल तर त्याच्याशी आधी बोला. तो का सुटला, त्यानं स्वतः सोडलं की त्याला सोडलं, या एका उत्तरातून कंपूचे अलिखित नियम जितके कळतात तितके त्या सहांशी बोलून कळत नाहीत.

तिसरं कारण अगदी साधं असतं, पण माणसं वारंवार तिथेच फसतात. परिस्थितीच सारखी असते. सहाही जण उशिरा येतात, पण ते एकाच बसनं येतात का? सहाही जण गृहपाठ देत नाहीत, पण गेल्या वर्षी त्या विषयाला बराच काळ शिक्षकच नव्हते, अशा एकाच तुकडीतून ते आलेत का? इथे मित्रानं मित्राला काही शिकवलेलं नसतं.

मोठमोठ्या अभ्यासांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. २००७ मध्ये निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम हृदय अभ्यास या दीर्घकाळ चाललेल्या आरोग्य-पाहणीतल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातली माहिती तपासून सांगितलं की लठ्ठपणा मित्रांमधून पसरतो. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असा आकडा त्यांनी दिला. त्यावर २००८ मध्ये ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी तशाच पद्धतीनं किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमधून ‘पसरताना’ दिसली. उंची काही कुणाच्या संगतीनं वाढत नाही. म्हणजे मित्रांचा परिणाम नसतोच असं नव्हे. पण तो आहे असं म्हणण्याआधी बाकीच्या वाटा तपासून बंद कराव्या लागतात.

तुमच्या बाबतीत हे तपासणं तितकं अवघड नाही. तुमच्या कपाटात सातवीची हजेरीपुस्तकं असतील, गुणपत्रकं असतील, तेव्हाच्या वर्गशिक्षकांशी बोलता येईल. सहांपैकी प्रत्येकासाठी तीनच गोष्टी लिहून काढा: तो या कंपूत साधारण केव्हा आला, त्याआधी त्याचा गृहपाठ आणि हजेरी कशी होती, आणि आल्यानंतर काय बदललं. माझा अंदाज, सहाचे सहा एकाच रांगेत बसणार नाहीत. बहुतेक ठिकाणी मला असं दिसतं की दोन-तीन जण आधीपासून तसेच असतात आणि त्यांचीच आधी गट्टी जमलेली असते. एक-दोन जण आल्यानंतर बदलतात. आणि एखादा असा असतो की ज्याचं वागणं फारसं बदललेलंच नसतं; कंपूत आहे म्हणून त्याच्याकडे आपण त्या नजरेनं बघायला लागलेलो असतो. ‘संगतीनं बिघडला’ हे त्या मधल्या एक-दोघांपुरतंच खरं. आणि उपायही तेवढ्यांपुरताच वेगळा.

आता नावडीकडे येते.

समाजमितीची सुरुवात कुठून झाली हे इथे सांगायला हवं. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या निवासी शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. नेहमीपेक्षा हे प्रमाण ३० पट होतं. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं असं पडलं की या मुलींच्या स्वभावात कारण शोधण्यापेक्षा त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते बघावं. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी त्या शाळेचे जे नकाशे काढले त्यांत ओढ आणि तिटकारा या दोन्हींच्या रेषा होत्या. आज मी शाळांमध्ये जे समाजालेख बघते त्यातल्या बहुतेकांत फक्त आवडीचे बाण असतात. नावडीबद्दल विचारायला संकोच वाटतो म्हणून तो भाग गाळला जातो. संकोच योग्यच आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण गाळल्यामुळे निम्मं चित्र जातं.

नावड तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे काम करते आणि त्या सगळ्यांचा परिणाम वरून सारखाच दिसतो.

पहिला प्रकार म्हणजे समान नावडीतून मैत्री. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा: माझा मित्र आणि मी एकाच माणसाबद्दल उलट मत बाळगून असलो तर आम्हा दोघांनाही ते टोचत राहतं, आणि काहीतरी बदलेपर्यंत चैन पडत नाही. एक तर मी त्या माणसाबद्दलचं मत बदलतो, नाहीतर मित्राबद्दलचं. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ हे आपण म्हणतोच. १९५६ मध्ये डॉर्विन कार्टराइट आणि फ्रँक हरारी यांनी यातून एक गणिती निष्कर्ष काढला: गटातल्या प्रत्येक तिघांमधली ही टोचणी मिटत गेली तर अखेरीस अख्खा गट तरी एक होतो, नाहीतर त्याचे बरोबर दोन तट पडतात. तटाच्या आत सगळे मित्र, पलीकडे सगळे विरोधक. पुढे १९६७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी दाखवलं की तिघांचंही एकमेकांशी न पटणं चालतं असं धरलं, तर दोनपेक्षा जास्त तटही पडू शकतात. प्रत्यक्ष वर्गात मला डेव्हिस यांचं म्हणणं जास्त पटतं. मित्राच्या मित्राशी मैत्री सहज होते. शत्रूच्या शत्रूशी होईलच याचा भरवसा नाही. पण तुमच्यासारखे दोन ठळक गट असतील तर दोन तटांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

याचा तुमच्याशी संबंध असा: त्या सहांपैकी काही जणांना एकमेकांबद्दल फारसं प्रेम नसेलही. त्यांना जोडून ठेवणारी गोष्ट म्हणजे समोरचा गट. ते मधल्या सुट्टीत काय बोलतात ते कानावर येत असेल तर लक्ष द्या. आपापल्या आवडीनिवडी, खेळ, घरच्या गोष्टी बोलतात, की पुन्हा पुन्हा ‘त्या लोकां’वरच गाडी येते? दुसरं असेल तर जागा बदलून ही मैत्री तुटणार नाही, कारण तिचं मूळ तुम्ही हलवलेल्या बाकांवर नाहीच.

दुसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नावडत्या माणसांसारखं दिसू नये म्हणून माणसं आपलं वागणं बदलतात. एका वर्गातला अनुभव सांगते. तिथेही दोन गट होते. एका गटातली मुलं तासाला सतत हात वर करायची, उत्तरं द्यायची. दुसऱ्या गटातलं कुणीही तोंड उघडत नसे आणि शिक्षकांनी त्यांच्यावर ‘अभ्यासात रस नाही’ असा शिक्का मारला होता. मी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर त्यांच्यातल्या एका मुलाच्या शेजारी बसले. फळ्यावर प्रश्न आला. त्यानं वहीच्या कडेला पेन्सिलनं उत्तर लिहिलं, अगदी बारीक अक्षरात, आणि त्यावर तळहात ठेवून बसला. पुढच्या बाकावरून दुसऱ्या गटातल्या मुलीनं हात वर करून उत्तर दिलं. तेच उत्तर होतं. त्यानं हात उचलला, खोडरबरनं लिहिलेलं पुसलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागला. तासानंतर विचारलं तर म्हणाला, ‘हात वर करायचं काम त्यांचं आहे, आमचं नाही.’

गप्प बसायला त्याच्या मित्रांनी शिकवलं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही ते तपासायचं होतं म्हणून मी त्या गटातल्या इतरांशी एकेकट्यानं बोलले. कुणी कुणाला गप्प बस म्हणून सांगितलेलं नव्हतं. हात वर करणं ही ‘त्यांची’ खूण झाली होती आणि ती खूण यांनी प्रत्येकानं आपापली टाळली होती. परिणाम मात्र हाच की सगळे एकसारखे गप्प. बाहेरून बघणाऱ्याला ते संगतीचं फळ वाटतं.

याच गोष्टीवरचा एक प्रयोग फार बोलका आहे. जोना बर्जर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वसतिगृहात पिवळे मनगटपट्टे वाटले, विद्यार्थी ते वापरायला लागले. मग जवळच्याच, फार पुस्तकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांनाही तेच पट्टे दिले. ते त्यांच्या हातांवर दिसू लागल्यावर पहिल्या वसतिगृहातल्या बऱ्याच जणांनी आपले काढून ठेवले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात तर भांडण वगैरे काहीच नव्हतं, ‘आपल्याला त्यांच्यातलं समजतील’ एवढीच धास्ती. जिथे खरोखरची खुन्नस असते तिथे हे किती जोरात होत असेल याचा विचार करा.

मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी गटांमधली भांडणं अभ्यासण्यासाठी १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमात भरवलेल्या शिबिरातही हे घडलं. साधारण ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट, ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’. रॅटलर्स शिवराळ बोलत. एक सामना जिंकल्यावर ईगल्सनी ठरवलं की समोरचे हरले ते शिव्यांमुळे, तेव्हा आपल्यात कुणी शिवी द्यायची नाही. एका गटाचा उर्मटपणा आणि दुसऱ्याचा सभ्यपणा एकाच भांडणातून जन्माला आले. तुमच्या वर्गातल्या ‘चांगल्या’ गटाकडेही या नजरेनं एकदा बघा, असं मी आग्रहानं सांगेन. त्यांचं चांगलं वागणंही काही अंशी या सहांना खिजवण्यासाठी असू शकतं, आणि मग त्यांच्या प्रत्येक कौतुकानं दरी वाढते.

तिसरा प्रकार थोडक्यात सांगते, कारण तो सरळ आहे. जिथे नावड असते तिथे चांगली सवयही पलीकडे पोचत नाही. मुलं ज्यांना टाळतात त्यांच्याकडून शिकत नाहीत. त्यामुळे दोन गटांमधला फरक आपोआप कमी होण्याची वाटच बंद होते.

चौथा प्रकार कंपूच्या आतला. आपलीच माणसं आपल्याला नापसंत करतील ही भीती. कंपूच्या मध्यभागी असलेल्या मुलाला थोडं वेगळं वागायची मुभा असते. त्यानं एखाद दिवस गृहपाठ दिला तर कुणी काही म्हणत नाही. काठावरच्या मुलाला ती मुभा नसते, म्हणून कंपूची सगळी लक्षणं त्याच्यातच सगळ्यात ठळक दिसतात. शिक्षकांशी सर्वांत उर्मटपणे वागणारं पोर पुष्कळदा म्होरक्या नसतं, कंपूत जेमतेम टिकून असलेलं पोर असतं. शिक्षा मात्र त्यालाच होते, आणि शिक्षेनं त्याची कंपूतली पत वाढते.

आता हे शोधायचं कसं. मुलांना सरळ ‘तुला कोण आवडत नाही?’ असं विचारू नका. नावं लिहून घेतली की नावड पक्की होते, आणि मुलं बाहेर जाऊन ‘तू कुणाचं लिहिलंस’ हे एकमेकांना विचारतातच. मी आवडीचे प्रश्न विचारते, तेही कामाशी बांधलेले: प्रकल्पासाठी कुणाबरोबर काम करायला आवडेल, अडलं तर कुणाला विचारशील. नावडीची माहिती मी बहुतेक वेळा निरीक्षणातून घेते. गट पाडताना कोण कुणाशेजारी जायला पाय ओढतं, कुणी उत्तर चुकलं की कुठल्या बाकावरून हसू येतं, कुणाची वस्तू खाली पडली तर कोण उचलून देत नाही. हे सगळं घाऊक होत असतं असं समजू नका. नावडीच्या रेषा मैत्रीच्या रेषांपेक्षा संख्येनं पुष्कळच कमी निघतात, आणि अनेकदा एकतर्फी असतात. ‘दोन गटांचं पटत नाही’ याच्या मुळाशी प्रत्यक्षात दोन-तीन जोड्यांमधला जुना आकस असतो आणि बाकीचे आपापल्या मित्रासाठी उभे असतात. त्या जोड्या सापडल्या तर निम्मं काम झालं. आणि हो, काढलेला समाजालेख कुणालाही दाखवायचा नाही. पालकांना नाही, शिक्षककक्षातही नाही.

हे करताना वर्गातल्या बाकीच्या मुलांना विसरू नका. चाळीसचा वर्ग धरला तर दोन गटांत मिळून बारा जण, उरलेले अठ्ठावीस. त्यांच्यात दोन-चार जण असे नक्की असतील की ज्यांचं दोन्हीकडे बरं आहे. हायडर यांनी सांगितलेली टोचणी सगळ्यात जास्त यांनाच होत असते. दोन्हीकडून ‘तू कुणाचा?’ असं विचारलं जातं. त्यांना निरोप्या करू नका, हेर तर मुळीच करू नका. पण दोन गटांना एकत्र कामाला लावाल तेव्हा त्या कामात हे असतील एवढं पाहा.

कंपू फोडावा का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. कंपूत कुणाला धमकावून ठेवलं जात असेल, एखाद्या मुलाला सगळे मिळून छळत असतील, किंवा व्यसनासारखं धोक्याचं काही असेल, तर आधी मुलांना वेगळं करा, विचार नंतर. तिथे समाजालेख काढत बसायचं नसतं. तुमच्या वर्णनावरून मला तसं काही दिसत नाही. तसं नसेल तर नुसतं लांब बसवण्यावर माझा भरवसा नाही.

त्याचं कारण सांगते. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत असं लक्षात आलं होतं की अभ्यासात कच्च्या विद्यार्थ्यांना हुशार सोबती मिळाले की त्यांची प्रगती होते. मग स्कॉट कॅरेल, ब्रूस सॅकरडोट आणि जेम्स वेस्ट यांनी मुद्दाम तशा तुकड्या पाडून बघितल्या, कच्चे आणि हुशार एकत्र. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ज्या कच्च्या विद्यार्थ्यांना फायदा व्हायचा तेच मागे पडले. तुकडीच्या आत हुशारांनी हुशारांशी आणि कच्च्यांनी कच्च्यांशी गट्टी केली होती. शेजार आपण ठरवू शकतो, मैत्री नाही. तुम्ही सहा जणांना सहा कोपऱ्यांत बसवलंत तर ते आठवड्याभरात मधल्या सुट्टीत पूर्वीपेक्षा घट्ट होऊन भेटतील, कारण आता त्यांच्याकडे एक समान तक्रारही असेल. तुमच्याविरुद्ध.

याच्या उलट टोकाची चूकही शाळा करतात, म्हणून सांगते. असे सगळे ‘त्रासदायक’ विद्यार्थी एकत्र आणून त्यांच्यासाठी खास समुपदेशन वर्ग घ्यायचा. टॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अशा गटांमुळे काही वेळा वागणं आणखी बिघडतं. डिशन यांनी मुलांच्या जोड्यांच्या गप्पांचं चित्रीकरण तपासलं होतं. एकानं नियम मोडल्याची गोष्ट सांगितली की दुसरा हसतो, त्या हसण्यानं पहिल्याला बळ मिळतं, आणि ज्या जोड्यांत हे जास्त, त्यांचं पुढचं वागणंही जास्त बिघडलेलं. तुम्हालाही वर्गात हे बघता येईल. उलट उत्तर देणाऱ्या मुलाकडे न बघता, त्यावर हसतं कोण ते बघा. तो हसणारा मुलगा महत्त्वाचा.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. सगळ्यात आधी, गृहपाठ आणि वेळेवर येणं या गोष्टी ‘त्या गटाच्या’ खुणा राहणार नाहीत यासाठी माझं स्वतःचं बोलणं तपासलं असतं. ‘बघा, त्यांनी दिलाय की नाही’ हे वाक्य वर्गात बोललं जात असेल तर ते आजपासून बंद. कौतुक करायचं ते त्या-त्या मुलाचं, शक्यतो बाजूला घेऊन, कुणाशीही तुलना न करता. गृहपाठ सर्वांसमोर गोळा करण्याऐवजी तासाआधी टेबलावर ठेवण्याची सोय करा. कंपूतल्या एखाद्याला द्यायचाच असेल तर तो न मिरवता देता यायला हवा. वर सांगितलेल्या मुलाच्या वर्गात आम्ही हात वर करणंच थांबवलं. प्रत्येकानं उत्तर कागदावर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. कुणाची खूण म्हणून उरलं नाही, तेव्हा त्याचा कागदही वर आला.

दुसरं, दोन गटांना एकत्र कामाला लावा, पण काम असं निवडा की एकाचं दुसऱ्यावाचून खरंच अडेल. शेरीफ यांच्या शिबिरात नुसतं एकत्र जेवायला आणि सिनेमाला बसवून भांडणं मिटली नव्हती. उलट तिथेच नवी जुंपली. पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक अडकला आणि तो ओढायला सगळ्यांचे हात लागले, तेव्हा फरक पडायला लागला. तोही एका दिवसात नाही, अशी बरीच कामं एकामागून एक आल्यावर. (त्या शिबिरात भांडणं लावण्यात मोठ्यांचाही हात होता हे खरं, पण मिटवण्याबद्दलचा हा भाग मी वर्गांमध्ये वारंवार अनुभवला आहे.) ज्या दोन-तीन जोड्यांत मूळ आकस आहे त्यांना मात्र पहिल्याच कामात एकत्र टाकू नका. त्यांच्या मित्रांपासून सुरुवात करा. मित्र सैल झाले की त्या दोघांना लढत राहायला कारण उरत नाही.

तिसरं, ज्याच्याकडे बाकीचे बघतात त्या मुलाला हाताशी घ्या. तो शिक्षकांचा लाडका असेलच असं नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ पॅलक, हॅना शेफर्ड आणि पीटर अ‍ॅरोनो यांनी न्यू जर्सीतल्या ५६ शाळांमधला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या शाळांत काही मुलांना निवडून, भांडणांविरुद्ध काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. त्या शाळांमध्ये वर्षभरात भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि निवडलेल्यांत जिथे सगळ्यांचं लक्ष असणारी मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त झाला. अशी मुलं शिक्षकांच्या मतावरून शोधलेली नव्हती, मुलांनीच दिलेल्या नावांवरून शोधली होती. तुमच्या सहांपैकी तसा एखादा नक्की असणार. त्याला सुधारायला जाऊ नका. त्याला काहीतरी खरं काम द्या, ज्यात त्याचा निर्णय चालेल.

त्या दोन पालकांना मुलाची तुकडी बदलून हवी असेल, तर आधी वर सांगितलेल्या तीन गोष्टींचा कागद काढा. मुलगा कंपूत आल्यावर बदलला असेल, त्याची तिथे जागा काठावरची असेल आणि नव्या तुकडीत त्याचा आधीपासूनचा किमान एक मित्र असेल, तर बदल उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे. यातलं मित्राचं कलम सर्वांत महत्त्वाचं. ओळखीचं कुणीच नसलेल्या तुकडीत टाकलेला मुलगा नव्या ठिकाणी जो पहिला कंपू दार उघडेल त्यात शिरतो, आणि असा पहिला कंपू बहुतेक वेळा कुठला असतो हे तुम्हाला माहीत आहे. मुलगा आधीपासूनच तसा असेल तर तुकडी बदलून तो तिथेही आपल्यासारखे दोघं शोधेल. अशा मुलाशी मित्रांबद्दल बोलण्याऐवजी गृहपाठ नेमका कुठे अडतो तिथून बोलायला सुरुवात करा.

एक महिनाभर हे करून बघा आणि आवडीचे तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. सहा जण अजून एकमेकांचीच नावं देतील, त्यानं निराश होऊ नका. त्यांच्या यादीत कंपूबाहेरचं एखादं नाव आलंय का, आणि दुसऱ्या गटातल्या कुणी यांच्यापैकी एकाचं नाव ‘अडलं तर विचारेन’ या प्रश्नाला दिलंय का, हे बघा. सातवा मुलगा सापडला तर तो काय म्हणाला तेही इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.